पेवाचं तोंड बंद ठेवा

ताई,

मी सांगलीजवळच्या हरिपूरची. वय एकेचाळीस, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. तीन वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून पहिला कथासंग्रह काढला. पाचशे प्रतींपैकी दोनशेच्या वर अजून दिवाणाखाली पडून आहेत. आता हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर, कादंबरी लिहिते आहे. माझे आण्णा आयुष्यभर पेवं भरायच्या-उपसायच्या कामावर होते, २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं तोपर्यंत. सात प्रकरणं झाली आहेत. आमच्या साहित्य कट्ट्यावर दर महिन्याला एक वाचून दाखवते, लोक सूचना करतात, मी बदलते. सातवं चारदा लिहिलं. आठवं सुरूच होत नाही.

मध्येच एका ऑडिओ कंपनीनं साठ भागांची गुन्हेकथा-मालिका मागितली आहे. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलंय. दिवाळी अंकाला एक कथाही कबूल करून बसले आहे. भेटेल तो विचारतो, ‘सध्या काय लिहिताय?’ आणि मी सांगत सुटते. सांगताना कादंबरी लख्ख दिसते. घरी येऊन वही उघडली की काही नाही.

आणखी एक. मागे कट्ट्यावर एका गाजलेल्या नव्या कादंबरीबद्दल मत विचारलं. मी म्हटलं, मला कंटाळा आला. एक ज्येष्ठ म्हणाले, ‘आधी तेवढं लिहून दाखवा.’ तेव्हापासून मत देणंच सोडलं. तुम्ही काय करता? सध्या काय लिहिता, काय वाचता, तेही सांगा.

ता. क. आण्णा सांगतात, पेव भरलं की तोंड असं लिंपायचं की वरून बैलगाडी गेली तरी कळू नये. उघडलं तरी लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं.

— हरिपूरची एक वाचक

प्रिय वाचक,

तुमचं पत्र वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हाती आलं. मी ते तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा ताजा कलमापाशी थांबले. पत्रात वर जे विचारलंय, त्याचं उत्तर तुम्ही खाली स्वतःच लिहून ठेवलं आहे. वीस-पंचवीस फूट खोल खड्ड्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, कारण तिला वारा लागत नव्हता. तुमच्या आण्णांनी ज्या गोष्टीचं तोंड लिंपायला तुम्हाला शिकवलं, ती गोष्ट तुम्ही दर महिन्याला वीस माणसांसमोर उघडता. आठवं प्रकरण येत नाही, कारण ते तुम्ही सांगून बसला आहात. चहाच्या टपरीवर, पतसंस्थेच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत. सांगताना समोरच्याचे डोळे मोठे होतात, आणि लिहून झाल्याचं समाधान तुम्हाला तिथेच मिळून जातं. मग रात्री वहीसाठी काय उरणार?

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. उतरंड कोसळल्याचा आवाज, आईनं आम्हा भावंडांना बखोटीला धरून अंगणात आणलं ते, आणि मग ती एकटी परत आत गेली ते, एवढं मला आठवतं. चाळिशीत मी त्यावर कादंबरी लिहायला घेतली. पन्नासेक पानं झाली असतील नसतील, तोच व्याख्यानांची आमंत्रणं यायला लागली आणि मी ती गोष्ट सांगत फिरले. फलटण, कराड, वाई, विटा. दोन वर्षं. आई परत आत का गेली, हे मला खरं म्हणजे माहीत नव्हतं. पहिल्याच भाषणात माझ्या तोंडून निघून गेलं की गोठ्यातल्या गाईचं दावं सोडायला. सभागृह एकदम शांत झालं. दुसऱ्या भाषणात मी तेच म्हटलं, तिसऱ्यात त्याच्या आधी थोडं थांबायला शिकले. दोन वर्षांनी लिहायला बसले तर तीच गुळगुळीत झालेली वाक्यं त्याच क्रमानं येत होती, आणि त्यांच्यापलीकडे काही म्हणता काही दिसत नव्हतं. तरीही रेटून १४० पानं लिहिली आणि ट्रंकेत टाकली. आईला विचारायचं राहिलं. मला उत्तर ठाऊक आहे असं मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं. आता ती नाही.

तुमचं गाव नाट्यपंढरीचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि हरिपूर तर नाटककार गो. ब. देवलांचं गाव. तुमच्याकडे शब्द तोंडानं बोलून, चारचौघांत पारखून घ्यायची सवय मुरलेली आहे आणि ती वाईट नाही. नाटक तालमीत पिकतं. नटाच्या तोंडी बसत नाही ते वाक्य तिथल्या तिथे बदलता येतं. कादंबरीला तसं चालत नाही. तिचा वाचक एकटा असतो, तुमचा आवाज त्याला ऐकू येत नाही, तुमचे हातवारे दिसत नाहीत. कट्ट्यावर तुमचं सातवं प्रकरण चांगलं वाटलं ते किती लिहिलेलं होतं आणि किती तुमच्या वाचण्यात होतं, हे ना त्यांना कळलं, ना तुम्हाला. शिवाय अर्धी कादंबरी ऐकून माणूस सूचना तरी काय करणार? पुढे काय येणार हे माहीत नसताना मागचं बदलायला सांगणं म्हणजे अर्ध्या भिंतीवर कौलांची चर्चा. चार वेळा लिहिलेल्या सातव्या प्रकरणातली पहिली प्रत जपून ठेवली असेल तर तीच पुढे घ्या. माझा अंदाज आहे की तिच्यातच जीव असेल.

कट्टा सोडू नका. माणसं हवीत, विशेषतः दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या बाईला संध्याकाळी शब्दांवर बोलणारी चार माणसं हवीतच. त्यांना इतकंच सांगा की कादंबरी चालू आहे, झाली की वाचायला देईन. वाचून दाखवायची वेळ आली तर संग्रहातली जुनी कथा वाचा. पहिला खर्डा शेवटच्या ओळीपर्यंत झाला की दोघांना द्या: एक जण हळदीत आयुष्य गेलेला, दुसरा असा की ज्यानं हळकुंड फक्त स्वयंपाकघरात पाहिलंय. पहिला तुमच्या चुका पकडेल. दुसऱ्याला कुठे कळेनासं झालं ते त्याला विचारायचं. सूचना दोघांकडूनही मागायच्या नाहीत.

आता हातातली तीन कामं. दिवाळी अंकाची कथा आधी संपवा, कारण तिला तारीख आहे. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. अंक त्याआधी स्टॉलवर यायचा म्हणजे संपादकाला मजकूर पावसाळ्यातच हवा असतो. ऑगस्टमध्ये कथा पाठवणाऱ्या नव्या लेखकाला जागा मिळते ती उरलीसुरली. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नवा कथाकार बहुतेक करून याच दारानं आत आला आहे, तेव्हा हे दार हलकं समजू नका. एक पथ्य मात्र पाळा. कादंबरीतलं प्रकरण कापून कथा म्हणून देऊ नका. मोह होईल, वेळ वाचेल असं वाटेल. पण ते छापलं गेलं की त्या प्रकरणाचे शब्द गोठतात, आणि पुढे कादंबरीला ते बदलावे लागले तर तुमचा हात चालणार नाही.

ऑडिओ मालिकेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण या बाबतीत लिहिणाऱ्या बायका फार भाबडेपणानं सह्या करतात. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. तुमच्या लेखी सहीशिवाय तुमचा हक्क दुसऱ्याकडे जात नाही. कोणत्या कृतीचे, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि काय मोबदल्यात, हे त्या कागदावर यावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. मात्र तुमच्या करारात काळ लिहिलेला आहे, ‘कायमचे’ असा. म्हणजे पाच वर्षांचं संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. कायमचे याचा अर्थ तुमचं आयुष्य आणि तुमच्या पश्चात साठ वर्षं. तो शब्द काढून त्या जागी पाच वर्षं लिहायला सांगा. ‘सर्व हक्क’ काढून ‘मराठी ऑडिओचे हक्क’ लिहायला सांगा. छापील पुस्तक, भाषांतर, चित्रपट, वेबमालिका हे सगळं तुमच्याकडे राहू दे. प्रत्येक भागात लेखिका म्हणून तुमचं नाव उच्चारलं जाईल, हेही कागदावर हवं. सांगलीच्या कोर्टात बसणाऱ्या एखाद्या वकिलाला हजार-पाचशे देऊन करार वाचून घ्या. कंपनीचा माणूस म्हणेल की सगळे असंच करतात. म्हणू दे. पतसंस्थेत कर्जदार असं म्हणाला तर तुम्ही कागद न वाचता सही करता का?

करार सुधारून आला तरी काम घ्यायचं का? एक हिशेब करा, तुमचा तो हातचाच. एक भाग दीड हजार शब्दांचा धरला तर साठ भागांचे नव्वद हजार शब्द झाले. तुमच्या मनातल्या कादंबरीपेक्षा हे लिखाण मोठं आहे. पैशासाठी लिहिण्यात काही कमीपणा नाही. मीही लेकीच्या इंजिनिअरिंगची फी भरण्यासाठी तीन वर्षं मालिकांचे संवाद लिहिले आणि त्यातून वेळेवर मजकूर द्यायला शिकले. घरी खरोखर पैशाची गरज असेल तर मालिका घ्या, आणि कादंबरी पूर्ण आठ महिने बंद करून ठेवा, अगदी तोंड लिंपून. निम्मं हे, निम्मं ते असं केलंत तर सकाळी खून आणि संध्याकाळी पेव, अशानं दोन्ही बिघडेल. गरज तेवढी नसेल, तर त्यांना पुढच्या वर्षाची तारीख द्या. तुमच्या पत्रात मालिकेबद्दल दोन वाक्यं आहेत, पेवाबद्दल सगळं पत्र आहे. म्हणून मी तरी दुसराच रस्ता सुचवेन.

नोकरीत वेळ मिळत नाही असं तुम्ही म्हटलेलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. वि. स. खांडेकर तुमच्याच सांगलीत जन्मले आणि १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करत लिहीत राहिले. मी स्वतः माध्यमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. पहाटे पाच ते साडेसहा, हातानं, रेघांच्या वहीत, टायपिंग रविवारी. निवृत्तीनंतरही तेच ठेवलंय. खिडकीतून अजिंक्यतारा उजळायला लागला की वही मिटते, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. अर्ध्या वाक्यावर उठल्यानं दुसऱ्या दिवशी बसायला सोपं जातं.

दिवाणाखालच्या प्रतींचं ओझं मनावरून काढा. २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. तिथे पाच प्रती द्या, तालुक्यातल्या वाचनालयांना एकेक द्या. उरतील त्या आण्णांकडे येणाऱ्या पाहुण्यांना.

मग येतो तुमचा तो कंटाळा. त्या ज्येष्ठांचं बोलणं मला पटलं नाही, आणि ते तुम्ही इतकं मनाला लावून घ्यावं याचं वाईट वाटलं. मार्केट यार्डात सौद्याला उभा असलेला व्यापारी हळद पिकवत नाही. त्याला कुणी म्हणतं का, आधी एक एकर लावून दाखव? पण तो करतो काय ते बघा. तो हळकुंड मोडतो आणि आतला रंग बघतो. तुम्ही मोडून दाखवलं नाहीत. ‘कंटाळा आला’ हे अर्धंच मत झालं. कितव्या पानावर आला, त्याआधी काय चाललं होतं, तिथे तुम्हाला काय हवं होतं, एवढं सांगितलं असतं तर समोरच्याला वाद घालायला काहीतरी हाती लागलं असतं. लेखकालाही त्याचा उपयोग झाला असता. मी त्यासाठी एक वेगळी वही ठेवते. पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं तो पान क्रमांक आणि एक ओळ कारण. जे पान पुन्हा वाचलं त्याचाही क्रमांक. एवढंच. वर्षभरानं ती वही चाळली की दुसऱ्यांच्या पुस्तकांपेक्षा माझ्याच लिखाणातले रोग जास्त सापडतात.

तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत सांगते. अलीकडच्या पुष्कळ मराठी कादंबऱ्यांत मला माहितीचा भार जाणवतो. लेखकानं मेहनत केलेली असते, कागदपत्रं पाहिलेली असतात, गावोगाव हिंडलेला असतो, आणि त्यातलं काहीही टाकून द्यायला त्याचं मन होत नाही. मग दोन पात्रं एकमेकांना अशा गोष्टी सांगतात ज्या दोघांना आधीच माहीत असतात. गावाकडच्या कादंबरीत दुसरंही एक खटकतं. पात्रं गावचं बोलतात आणि निवेदन मात्र शहरातल्या खुर्चीत बसून चालतं. जणू लेखक प्रत्येक संवादानंतर गावातून बाहेर पडून हात धुऊन येतो. तुमच्या जिल्ह्यातच याचं उलट उदाहरण आहे, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ची, आणि बारीक चणीची. एक पोरगेला मास्तर धनगरवाडीत येतो, आणि मेंढरांबद्दल, दुष्काळाबद्दल, तिथल्या माणसांच्या रीतीबद्दल आपल्याला तेवढंच कळतं जेवढं त्याला त्या घटकेला गरजेचं असतं. मी ती दर दोन-तीन वर्षांनी वाचते, पेन्सिल हातात घेऊन, माहिती कुठून आणि कुणाच्या तोंडून आत आली ते खुणावत. तुम्ही आठवं प्रकरण लिहायच्या आधी हे करून बघा. पेवाबद्दल तुम्हाला इतकं ठाऊक आहे की नेमका हाच धोका तुमच्या कादंबरीला आहे.

कादंबरी चालू असताना मी दुसऱ्याच्या नव्या कादंबऱ्या वाचत नाही. माझा आवाज लगेच हलतो. सध्या उशाशी जुनी गॅझेटिअर आहेत, आणि जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह. तुमच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर २०२५ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. लोकसाहित्यावरचं त्यांचं काम तुम्ही अजून वाचलं नसेल तर तिथून सुरुवात करा. बायका काम करताना काय बोलतात आणि काय गातात, याकडे त्या लक्ष द्यायला लावतात. तुमच्या पत्रात पेव आहे, आण्णा आहेत. हळद निवडायला बसलेल्या बायका कुठेच नाहीत. त्या काय बोलत होत्या?

आणि मी काय लिहिते? एक कादंबरी आहे, दुसऱ्या खर्ड्यावर, काल २१४ पानं झाली. एक कथा दिवाळीसाठी गेल्या आठवड्यात रवाना केली. कादंबरीचा विषय माझ्या यजमानांनाही माहीत नाही, आणि त्यांनी कधी विचारलेला नाही. वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल मी कुणाशीही तासभर बोलेन, भांडेनसुद्धा. तुमचं नेमकं उलट झालंय. जे लिहून व्हायचंय ते सांगत सुटलात, आणि जे वाचून झालंय त्यावर तोंड मिटून बसलात. याची अदलाबदल करा.

एका माणसाशी मात्र पेवाबद्दल बोला. आण्णांशी. आणि तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या. त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण २००५पर्यंत आयुष्य पेवांत गेलेला माणूस आता थकला असेल. या रविवारी त्यांच्याजवळ बसा. पुराची गोष्ट काढू नका; ती त्यांनी तुम्हाला पन्नासदा सांगितली असेल आणि माझ्या गाईच्या दाव्यासारखी तीही एका साच्यात बसली असेल. त्यांना कधी न विचारलेलं विचारा. कंदील खाली जाऊन पेटता राहिला, तर त्यानंतर सगळ्यात आधी आत कोण उतरायचं? ते कसं ठरायचं? आणि वर दोर धरून उभा असलेला माणूस त्या वेळी काय बोलायचा?